डावीकडून दुसरा

पट्टी हरवलेली नाही. तुम्ही ती हरवलीत असं म्हणणं म्हणजे तुमच्यावर उपकार करणं होईल, कारण हरवायला माणूस निष्काळजी असावा लागतो, आणि तुम्ही तसे कधीच नव्हतात. सहा फ्रेमची निगेटिव्हची पट्टी पांढऱ्या लिफाफ्यातून तुमच्या टेबलावर आली. तुमच्या चौकशी समितीच्या कारकुनाने पावतीवर शिक्का मारला. तुमच्यातल्या एका सदस्याने ती पट्टी खिडकीकडे धरून, एक डोळा मिटून पाहिलीसुद्धा. आणि दीड वर्षाने न्यायालयाने ती मागितली तेव्हा तुम्ही लिहून दिलंत, की अशी कोणतीही वस्तू समितीस प्राप्त झाल्याची नोंद नाही. त्या एका ओळीने एक रंगारी खुनी ठरला. तो तुरुंगात मेला आणि तुमच्या कागदांत अजून खुनीच आहे.

तेव्हा आता बसा. तुमच्यापुढे लोक उभे राहून बोलत आले, आता तुम्ही बसून ऐका.

पट्टी ज्या बाईने आणून दिली तिला तिच्या धंद्यात वहीवाली म्हणायचे. एका वर्तमानपत्राची फोटोग्राफर. एकतीस वर्षं तिने तेच केलं. फीत कापणाऱ्यांचे फोटो दुसरे काढायचे. हिच्या वाट्याला दंगली, संप, छावण्या, जळालेली दुकानं आणि त्या दुकानांसमोर चावी हातात धरून उभी राहिलेली माणसं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात डार्करूममधल्या म्हाताऱ्याने तिचा एक फोटो चिमट्याने ताटलीतून उचलला आणि विचारलं, ही बाई कोण. हिला माहीत नव्हतं. म्हाताऱ्याने फोटो परत पाण्यात सोडला. नाव नसलेला माणूस म्हणजे गर्दी, तो म्हणाला, आणि गर्दीचा फोटो काढायला तू कशाला हवीस, तो हेलिकॉप्टरमधूनही निघतो.

ते तिने गाठीला बांधलं. तळहाताएवढी वही, आणि पेन्सिल. शाई भिजली की पसरते म्हणून पेन्सिल. फ्रेमचा नंबर, माणसाचं नाव, धंदा, डावीकडून कितवा. समोर दगड पडत असले तरी ती वाकून कुणाच्या तरी तोंडाशी कान नेऊन नाव विचारायची आणि बरोबरचे फोटोग्राफर ओरडायचे, की जनगणना नंतर कर, आधी डोकं वाचव. तिच्या त्रेचाळीस वह्या भरल्या. त्यातल्या एकीच्या एका पानाने माणूस मारला, पण ते पुढे.

राहायची ती थोरल्या भावाकडे, वरच्या दोन खोल्यांत. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, मी घरी असते तेव्हा झोपलेली असते, नवरा कुणाशी भांडेल? खालचं न्हाणीघर तिने अर्धं बळकावलं होतं. खिडकीला काळा कागद, छताला लाल दिवा, बादलीशेजारी औषधांच्या बाटल्या आणि दोरीवर चिमट्यांनी लटकवलेल्या ओल्या फिती. वहिनी तोंडाने फटकळ, पण दोरीवरच्या फितीला तिने कधी चुकूनही हात लावला नाही. पाहुणे आले की मात्र मोठ्याने विचारायची, "अगं, आत आंघोळ चाललीय की दंगल?"

तर त्या दिवशीची गोष्ट. एक वस्ती पाडायची होती. सकाळी यंत्रं आली, मागून पोलीस आले. बायका-पोरं शेजारच्या शाळेच्या आवारात जाऊन बसली, की निदान भिंत अंगावर यायला नको. कुणीतरी फाटकाला बाहेरून साखळी घातली आणि कुलूप लावलं. कुणी, ते तुमच्या अहवालात नाही. मग दगडफेक सुरू झाली, अश्रुधुराची नळकांडी सुटली आणि त्यातली दोन त्या बंद आवारात पडली.

आतला आवाज वहीवालीने आजवर कुणाला सांगितला नाही. विचारलं तर म्हणायची, फोटोला आवाज नसतो हे बरं आहे.

धुरातून दोन माणसं फाटकाकडे धावत आली. दोघांच्याही तोंडावर ओली फडकी बांधलेली, फक्त डोळे दिसत होते. डावीकडचा गवंडी, त्याच्या हातात त्याची रोजच्या कामाची पहार. उजवीकडचा रंगारी, हात मोकळे, पुढे पसरलेले. ही विसावी फ्रेम. एकविसावीत पहार साखळीत अडकवलेली, दोघं तिच्यावर लोंबकळतायत. बाविसावीत फाटक अर्धं उघडलेलं, बायका पोरांना काखेत घेऊन बाहेर पडतायत, पहार अजून साखळीतच आहे आणि लांब कोपऱ्यावर दोन पोलीस आपल्या तिसऱ्या साथीदाराला उचलून नेतायत. त्याच्या डोक्याला लागलेलं होतं. कशाने लागलं ते कुणालाच नीट ठाऊक नाही. पण ज्या पहारीने लागलं असं तुम्ही म्हणता, ती तेव्हा साखळीत होती. हे बाविसाव्या फ्रेमला ठाऊक होतं.

पंधरा मिनिटांनी नळावर सगळे डोळे धूत बसले होते. वहीवालीने दोघांची नावं घेतली, डावीकडून पहिला, डावीकडून दुसरा. गवंडी नाव सांगून पोरांना शोधायला पळाला. रंगारी बोलका. म्हणाला, "ताई, रंगारी लिहा, पेंटर नको. पेंटर चित्रं काढतो, मी भिंती रंगवतो. भिंतीला कुणी बक्षीस देत नाही." त्याची बायको आवारातूनच निघालेली, लाल डोळ्यांनी शेजारी बसली होती. ती लोकांचे कपडे इस्त्री करायची. ती म्हणाली की बारा वर्षांत आमचा दोघांचा एक फोटो नाही, आणि आता काढाल तर हे असं तोंड. रंगारी हसला, फडकं गळ्यात ओढलं आणि बायकोच्या खांद्याला खांदा लावला. ती चोविसावी फ्रेम, पट्टीतली शेवटची. वहीवाली म्हणाली, पुढच्या आठवड्यात मोठा करून आणून देते.

धंद्यातल्या प्रत्येकाने हे वाक्य हजारदा म्हटलेलं असतं. माणसं खरं मानतात आणि दाराकडे बघत राहतात.

संध्याकाळी तिने फिल्म धुऊन, फोटोखालची ओळ लिहून कार्यालयात दिली आणि जखमींचे फोटो काढायला रुग्णालयात गेली. ओळ अशी होती: शाळेच्या आवारात अडकलेल्यांना सोडवायला फाटकाकडे धावलेले, डावीकडून, गवंडी अमुक आणि रंगारी तमुक. पूर्ण नावं. तोपर्यंत कुणी मेलेलं नव्हतं.

वर्तमानपत्राचं पान लावणारे काका धंद्यात मुरलेले, हाताचे साफ, जिभेचे गोड. त्यांचा एक नियम होता, आणि तो साऱ्या जगातल्या पान लावणाऱ्यांचा असतो: फोटोतल्या माणसाने पानाच्या आत बघावं. बाहेर बघत असला तर वाचणाऱ्याची नजरही त्याच्यामागे पानाबाहेर जाते. फोटोची जागा होती उजव्या कडेला आणि फोटोतली दोन माणसं धावत होती उजवीकडे. काकांनी निगेटिव्ह पालथी घालून छापायला सांगितली. माणसं डावीकडे धावू लागली. पान देखणं झालं. एवढ्यात तो पोलीस मेल्याची बातमी आली, मथळा वाढला, जागा कमी पडली, आणि कुणीतरी ओळीचा पहिला अर्धा भाग उडवला. उरलं ते एवढंच: डावीकडून, गवंडी अमुक, रंगारी तमुक. वर मथळा, पोलिसाची निर्घृण हत्या.

फोटो उलटला होता. ओळ उलटली नव्हती. गवंडी आता उजवीकडे होता, पहारीसकट. छापलेल्या शब्दांप्रमाणे पहारवाला, डावीकडून दुसरा, म्हणजे रंगारी.

सकाळी वहीवाली स्वयंपाकघरात चहा पीत पान बघत होती. काहीतरी खुपत होतं, कळत नव्हतं. दादा कामावर निघाला होता. त्याने शर्टाच्या डावीकडच्या खिशाला पेन लावलं आणि तिने त्या खिशाकडे पाहिलं. मग पानाकडे पाहिलं. फोटोतल्या दोघांच्याही शर्टांचे खिसे छातीच्या उजव्या बाजूला होते. वहिनी नंतर सांगायची, की तिने कप खाली ठेवला तो बशीत नाही, टेबलाच्या कडेबाहेर ठेवला.

ती धावत कार्यालयात गेली. काकांना विचारलं, उलटा केलात ना. काका म्हणाले, हो, मग? रोजच करतो. त्यांना खरंच काही वाटलं नव्हतं. तिने ओळीवर बोट ठेवलं तेव्हा त्यांचा चेहरा हळूहळू उतरला आणि त्यांनी चष्मा काढून उगाच पुसायला घेतला. संपादकाकडे ती दुरुस्ती मागायला गेली तर तो आरामखुर्चीत मागे रेलला. दुरुस्ती छापायची म्हणजे काय छापायचं, त्याने विचारलं, पहार याच्या नव्हे, त्याच्या हातात होती, असं? एकाला सोडवून दुसऱ्याला द्यायचं? संपादकाला उत्तर नकोच होतं.

तिसऱ्या दिवशी रंगाऱ्याला घरातून उचललं. त्याचा हात एका खिडकीच्या चौकटीला मारलेल्या रंगाने अजून ओला होता. गवंडी आदल्याच दिवशी बायको-पोरांना घेऊन दुसऱ्या गावी बांधकामावर निघून गेला होता; तो वर्तमानपत्र वाचणाऱ्यांतला नव्हता.

महिन्याने वहीवालीला तुरुंगात भेटीची परवानगी मिळाली. जाळीपलीकडे रंगारी येऊन बसला. अंगावर वळ होते, पण बोलणं तेच. तिने त्याला सगळं सांगितलं, फोटो कसा उलटला ते. त्याने ऐकून घेतलं आणि आधी विचारलं, गवंडी कुठे आहे. गेला, ती म्हणाली. मग बरं झालं, तो म्हणाला.

"मी सांगते, पहार तुमच्या हातात नव्हती. एवढं सांगितलं तरी तुम्ही सुटाल."

"आणि मग त्याला आणतील." त्याने जाळीला नाक लावलं. "ताई, आत माझी बायको होती. त्याचं तिथे कुणी नव्हतं, त्याची पोरं वरच्या गल्लीत होती. तो माझ्या बायकोसाठी धावला. मी काय करू, सांगा तुम्हीच."

मग तिने पुढच्या फ्रेमचं सांगितलं: साखळीत अडकलेली पहार आणि लांबवर उचलून नेलेला पोलीस. पट्टी अख्खी दाखवली तर दोघंही सुटतात.

"दोघं सुटत असतील तर बोला," तो म्हणाला. "एकच सुटणार असेल तर गप्प बसा. वचन द्या." तिने दिलं. उठताना तो म्हणाला, "आणि आमचा फोटो राहिलाच बघा."

म्हणून ती तुमच्याकडे आली. वर्तमानपत्राच्या संग्रहातून सही करून तिने मूळ पट्टी काढली. आदल्या संध्याकाळी न्हाणीघरात तिची एक छोटी प्रत काढून ठेवली, सहाही फ्रेम एका कागदावर, प्रत्येक अंगठ्याच्या नखाएवढी. आणि सकाळी तुमच्या समितीपुढे येऊन उभी राहिली. तुमचं दालन तिला अजून आठवतं: लांब टेबल, हिरवं कापड, तीन खुर्च्या आणि भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. तिने सगळं सांगितलं. खिशाचंही सांगितलं. तुमच्यातला मधला सदस्य पट्टी खिडकीकडे धरून पाहत होता. तो म्हणाला, "दोघांचा शिंपी एकच असेल, बाई. चुकला असेल बिचारा." बाकीचे दोघं हसले. कारकूनही हसला.

ती हसली नाही, पण तिने तुमच्यावर विश्वास ठेवला. आणि इथे तिची चूक झाली, जी तिने स्वतःला कधी माफ केली नाही. जिने आयुष्यभर प्रत्येक माणसाचं नाव, धंदा, जागा लिहून घेतली, तिने तुमची पावती वाचली नाही. घडी घालून वहीत ठेवली. पावतीवर कारकुनाने लिहिलं होतं: लिफाफा, नग एक. आत काय, ते लिहिलं नव्हतं.

मधल्या काळात त्या उलट्या फोटोला बक्षीस मिळालं. एका मोठ्या दालनात तो भिंतीएवढा करून लावला होता आणि खाली पाटी: क्रोध. वहीवाली फोटोखाली उभी राहिली. माणसं शेजारून जाताना अभिनंदन म्हणत होती. तिने तिथल्या व्यवस्थापकाला जाऊन सांगितलं की पाटी चुकली आहे, हे दोघं चिडलेले नाहीत, घाबरलेले आहेत. तो म्हणाला, पाट्या छापून झाल्या आहेत. ती बक्षीस न घेता घरी आली. वहिनीने विचारलं, जेवलीस का. नाही म्हणाली, आणि न्हाणीघरात जाऊन लाल दिवा लावून बसली. त्या दिवशी आत आंघोळही नव्हती आणि दंगलही नव्हती.

खटला उभा राहिला. रंगाऱ्याचा जबाब एवढाच: पहारीने फाटक उघडलं, कुणाला मारलं नाही. पहार कुणाच्या हातात होती ते त्याने सांगितलं नाही आणि मी नव्हतो असंही म्हटलं नाही. त्याच्या वकिलाने पट्टी मागवली. तुमची ती ओळ आली. वहीवालीने पावती दाखवली. सरकारी वकील म्हणाला, लिफाफा आला असेल, रिकामाही असू शकतो. तिने न्हाणीघरात काढलेली प्रत पुढे केली. घरी काढलेली प्रत चालणार नाही, मूळ आणा. काकांना तिने विनवून पाहिलं, की फोटो पालथा छापला एवढं तरी कबूल करा, म्हणजे मूळ पट्टी शोधणं त्यांना भाग पडेल. काका म्हणाले, "पोरी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीयत." आणि रडले. ती त्यांच्यावर चिडूही शकली नाही. खरं तर काकांनी तेवढं सांगितलं असतं तरी पट्टीशिवाय त्यातून एकच सुटत होता.

मग तिची साक्ष निघाली. सरकारी वकिलाने छापलेला फोटो तिच्या हातात दिला आणि विचारलं, हा तुम्ही काढलेला फोटो आहे का.

उलटा आहे, असं म्हटलं असतं तर त्याच क्षणी पहार गवंड्याच्या हातात गेली असती. ती आरोपीच्या पिंजऱ्याकडे बघू लागली. रंगाऱ्याने मान हलवली नाही, काही नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला, नळावर बघत होता तसा. ती म्हणाली, हा एकटा फोटो पुरा नाही, याच्यापुढचे दोन बघितल्याशिवाय... न्यायाधीश म्हणाले, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्या.

"फोटो तुमचाच?"

"हो," ती म्हणाली.

त्या एका शब्दावर जन्मठेप झाली. निकालपत्रात रंगाऱ्याचं नाव तीनदा आहे आणि डावीकडून दुसरा इसम हे शब्द एकोणीस वेळा. तिने मोजले होते.

त्यानंतरही ती अकरा वर्षं फोटो काढत राहिली. काम सोडलं नाही, कारण दुसरं काही येत नव्हतं. सीमेवरच्या छावणीत गेली, खाणीतल्या अपघातावर गेली, ज्या गावात लोकांनी एकमेकांची घरं जाळली तिथे महिनाभर राहिली. पण वही नेली नाही. माणसं स्वतःहून नाव सांगायला लागली की ती कॅमेरा खाली करायची आणि म्हणायची, नको, राहू दे. तिचे ते फोटो तज्ज्ञांना फार आवडले. त्यांत म्हणे एक अनाम वेदना आहे. अनाम होतीच. म्हाताऱ्याने बघितले असते तर सगळे पाण्यात सोडले असते.

ती दर तीन महिन्यांनी तुरुंगात भेटीला जायची. रंगाऱ्याला तिथे भिंती रंगवायचं काम दिलं होतं. सांगायचा, इथे भिंतींना तोटा नाही. सातव्या वर्षी त्याच्या छातीत पाणी झालं आणि तो गेला. शेवटच्या भेटीत त्याने चोविसाव्या फ्रेमबद्दल विचारलं. तिने खरं सांगितलं: मूळ गेलं, नखाएवढी प्रत आहे, ती मोठी करून पाहिली तर माणूस नाहीसा होतो आणि नुसते दाणे उरतात. तो म्हणाला, मग छोटाच राहू दे.

इस्त्रीवालीने, त्याच्या बायकोने, या सगळ्या वर्षांत तिला दारात उभं केलं नाही. एकदाच बोलली होती, निकालाच्या दिवशी, पायऱ्यांवर. म्हणाली, "बाई, तुम्ही नाव लिहिलं नसतं तर आज तो घरी जेवला असता." खोटं नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वी एका दुपारी वहिनीने खालून हाक मारली, की कुणी बाई आली आहे. वहीवाली आता घरीच असते. उजव्या डोळ्याने धूसर दिसतं. जिन्याच्या कठड्याला धरून खाली आली तर इस्त्रीवाली स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसलेली. केस पिकलेले, उजव्या हाताच्या बोटांवर चटक्यांचे जुने डाग. वहिनीने चहा पुढे ठेवला आणि जी कधी कुणाच्या बोलण्यातून हलत नाही ती न सांगता बाहेर गेली.

इस्त्रीवाली म्हणाली की गवंडी गेला. परांचीवरून पडला, दोन महिने झाले. त्याच्या थोरल्या मुलाने शोधत येऊन सांगितलं. मरायच्या आधी तो मुलाला म्हणत होता, की शाळेपाशी एक फाटक उघडलं होतं, तेवढं एक बरं काम झालं. बाकीचं त्याला कधीच कळलं नव्हतं, आणि तिने त्याच्या मुलालाही सांगितलं नाही.

"तुम्हाला एक सांगू?" ती म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. रोजचे शंभर शर्ट हाताखालून जातात माझ्या. खिसा डावीकडे असतो. पान बघितलं आणि कळलं, फोटो उलटा आहे."

मग कधीच का नाही बोललात, असं काहीसं वहीवाली पुटपुटली.

"तुम्ही का नाही बोललात?" इस्त्रीवाली म्हणाली. "त्याच कारणाने. त्याने मलाही वचनात अडकवलं होतं. तुमच्यावर राग काढायची तेवढी मुभा होती, म्हणून काढला." तिने चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला. "आता दोघंही गेले. अडकायला कुणी उरलं नाही. मला आता पैसा नको, काही नको. त्याच्या नावापुढचा तो शब्द तेवढा खोडून हवाय. आता बोला, ताई."

पहिल्यांदाच तिने ताई म्हटलं.

वहीवाली वर गेली आणि पेटीतून ती प्रत घेऊन आली. सहा चौकोन. इस्त्रीवालीने शेवटच्या चौकोनावर बोट नेलं आणि थांबवलं. बोट मोठं होतं, फोटो झाकला जात होता. मग वहिनीच्या शिवणाच्या डब्यातली बारीक कात्री मागून घेतली. वहीवालीने स्वतः कापून दिला, कडेच्या आकड्यासकट, चोवीस. नखाएवढा नवरा आणि नखाएवढी ती, डोळे लाल की नाही ते काळ्या-पांढऱ्यात कळत नाही. तिने तो डबीत ठेवला आणि डबी कमरेला खोचली.

दोघी तुमच्या कार्यालयात जाऊन आल्या. तिथे आता मोडक्या खुर्च्या ठेवतात. समिती विसर्जित झाली, असं दारावरचा माणूस म्हणाला. समिती विसर्जित होते, त्यातली माणसं होत नाहीत. ती निवृत्तिवेतन घेतात, सकाळी फिरायला जातात, नातवंडांना गोष्टी सांगतात. तुमचे तिघांचे पत्ते काढले. तिघांना पत्रं गेली, पावतीच्या नकलेसह. तिन्ही पोचली, पोस्टाच्या पोचपावत्या वहीवालीने या वेळी शब्द न् शब्द वाचून घेतल्या. महिना झाला. उत्तर नाही. तिने चव्वेचाळिसावी वही काढली आहे. पहिल्या पानावर तुमची तिघांची नावं आहेत, डावीकडून, त्या टेबलामागे बसला होतात त्या क्रमाने, आणि मधल्याच्या नावापुढे लिहिलं आहे: पट्टी याच्या हातात होती.

आता तुम्हाला विचारायचं ते फार नाही. अंगात शर्ट असेल तर आत्ता हात खिशावर ठेवा. कोणत्या बाजूला आहे? तुमचा शिंपी चुकला आहे का? नसेल तर लिहून द्या की तो फोटो उलटा होता, डावीकडून दुसऱ्याचे हात मोकळे होते, आणि फाटक उघडणाऱ्या माणसांपैकी एकाला तुम्ही माहीत असून मारलंत. आणि तुम्ही खिडकीकडे धरून पाहिलेली ती सहा फ्रेमची पट्टी, जिच्या शेवटी एक नवरा-बायको नळाशी बसले आहेत, ती कुणाच्या कपाटात आहे ते सांगा. पट्टी कुठे आहे?